बुचावरची भोकं

बाटली रिकामी होती, पण तिचं बूच जवळजवळ नवं होतं.

काउंटरपलीकडे भानुदासआप्पा उभे होते. तिसगावहून सकाळच्या एसटीनं आलेले. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत थर्मास. मुलीच्या इन्सुलिनची संपलेली बाटली त्यांनी माझ्यापुढे ठेवली होती आणि नवी मागत होते. मी बाटली ट्यूबलाइटकडे धरली. आत थेंब नव्हता. वहीत खूण करायला पेन उचललं आणि सहज अंगठा बुचावरून फिरला. रबर गुळगुळीत लागलं.

"आप्पा, वैशालीला सुई कोण टोचतं?"

"ती सोताच घेती. तुमीच शिकवलं न्हाई का?"

"दिवसातून किती वेळा?"

"दोनदा. सकाळी न संध्याकाळी. का वं बाई?"

मी ड्रॉवरमधून भिंग काढलं. औषधांवरच्या बारीक तारखा वाचायला ते ठेवलेलं असे.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी तेव्हा नगरच्या सावेडीतल्या एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट होते. दुकान विलासशेठचं, भिंतीवरचं सर्टिफिकेट माझं. मेडिकल चालवायला फार्मासिस्ट हजर लागतो, तो नसेल तर औषध विकायचं नाही, असा कायदा आहे. किती दुकानं तो पाळत होती ते विचारू नका. आमच्याकडे मी पाळायला लावला होता. मी तशी तोंडाळ.

आता बुचाचं सांगते. इन्सुलिनची बाटली बोटभर उंचीची, काचेची असते. तोंडावर रबरी बूच, ते काढायचं नसतं. प्रत्येक वेळी सुई बुचातून आत घालायची आणि डोस ओढायचा. वैशालीचा डोस तेव्हा सकाळी दहा युनिट आणि संध्याकाळी सहा. एका बाटलीत चारशे युनिट. म्हणजे बाटली पंचवीस दिवस पुरते आणि तेवढ्यात बुचाला पन्नास वेळा सुई टोचली जाते. रबर बुजतं, पण खूण राहते. संपलेल्या बाटलीचं बूच मधोमध चाळणी झालेलं असतं.

मी भिंगाखाली भोकं मोजली. दहा भरली. पुन्हा मोजली, तरी दहाच.

इन्सुलिनची सिरिंज चाळीस युनिटची असते. ती काठोकाठ दहा वेळा भरली की चारशे युनिट संपतात. एवढा मोठा डोस कुणी अंगात घेत नाही. ही बाटली कुणीतरी एका बैठकीत ओतून टाकली होती.

आणि बाटली परत मागायचा नियम माझाच होता.

खेड्यातल्या पेशंटकडे फ्रीज नसे. ओलं फडकं गुंडाळलेल्या मडक्यात बाटली ठेवायची. कधी उन्हानं औषध खराब व्हायचं, कधी आणताना थर्मासमधल्या बर्फाला चिकटून गोठायचं. म्हणून मी सांगितलं होतं, जुनी बाटली दाखवा, मग नवी मिळेल. किती उरलं, रंग बदलला का, ते मला कळायचं. विलासशेठ चेष्टा करायचे, "मॅडम, भंगारचा धंदा काढायचाय का?" मला माझ्या नियमाचा अभिमान होता. बाटली रिकामी आली की पेशंट औषध घेतोय, असा माझा हिशोब. बूच मी त्या दिवसापर्यंत कधी नीट पाहिलंच नव्हतं.

वैशाली सोळा वर्षांची, अकरावीत शिकणारी. सहा महिन्यांपूर्वी आमच्या दुकानामागच्या डॉक्टरांकडे तिला उचलून आणलं होतं. तिच्या शरीरानं इन्सुलिन बनवणं सोडलं होतं. या प्रकारच्या मधुमेहाला गोळी चालत नाही, पथ्य पुरत नाही. सुई बंद म्हणजे जीव जातो, फार तर काही आठवडे लागतात. डॉक्टरांनी तिला वाचवलं आणि मी तिला संत्र्यावर सुई टोचायला शिकवलं. पहिल्यांदा सुई तिरकी गेली. दुसऱ्यांदा म्हणाली, "संत्र्याला दुखत नसेल ना ताई?" मला ती पोरगी फार आवडली.

दोन महिन्यांनी तिची साखर खूपच खाली आली आणि डॉक्टरांनी डोस कमी केला. या आजारात असं होतं. सुई सुरू झाली की दमलेलं शरीर थोडे दिवस पुन्हा जरासं इन्सुलिन बनवतं. डॉक्टर लोक त्याला हनिमून म्हणतात. नावाप्रमाणेच ते संपतं. डॉक्टरांनी आईबापाला बजावलं, "ही सवलत थोड्या दिवसांची आहे. सुई सोडायची नाही."

नेमकं त्याच काळात वैशाली आणि तिची आई 'वर्गा'ला जायला लागल्या. तेही आमच्याच दुकानातून.

वर्ग म्हणजे एका माणसाभोवती जमलेली मंडळी. त्यांना सगळे 'सर' म्हणत. दाढी नाही, भगवं नाही. पांढरा सफारी, हातात खडू, मागे फळा. मन शुद्ध झालं की शरीर आपोआप शुद्ध होतं, असं ते शिकवत. सावेडीत दर रविवारी सभा भरे आणि आसपासच्या गावांत शाखा होत्या. तिसगावलाही होती. विलासशेठ त्यातले जुने. बिल होईपर्यंत थांबलेल्या गिऱ्हाइकाशी ते दोन शब्द बोलत आणि रविवारचं आमंत्रण देत. वैशालीच्या आईला असंच बोलावलं. मी शेजारी उभी राहून पुडीवर 'सकाळी १, रात्री १' लिहीत होते.

खरं सांगते, मीही गेले होते. शेठनी चारदा म्हटल्यावर गेले आणि मला आवडलं. आम्ही बौद्ध. सावेडीत भाड्यानं खोली शोधताना आडनाव सांगितलं की खोली कालच दुसऱ्याला दिलेली निघायची. वर्गात कुणी आडनाव विचारलं नाही. पहिल्याच दिवशी चार बायकांनी हात धरून शेजारी बसवलं. पुढच्या रविवारी त्यांना माझ्या भावाची परीक्षासुद्धा आठवत होती. एवढी माया माझ्या नातेवाइकांनीही केली नव्हती. असल्या ठिकाणी फक्त अडाणी माणसं जातात असं म्हणणाऱ्याला मी हसते. तिथे एकटी माणसं जातात.

तिसऱ्या रविवारी एक डबा फिरला. मनातली शंका चिठ्ठीवर लिहून टाकायची, नाव घालायचं नाही. मी लिहिलं, 'ताप आला तर गोळी घ्यायची की नाही?' साधा प्रश्न होता, माझ्या धंद्यातला. सोमवारी दुकान उघडायच्या आत विलासशेठ म्हणाले, "मॅडम, तुमच्या शंकेमुळे सरांना वाईट वाटलं."

"चिठ्ठीवर नाव नव्हतं, शेठ."

"तुमचं अक्षर मी रोज पुड्यांवर बघतो."

तेव्हापासून मी गेले नाही. हात धरणाऱ्या चौघींपैकी एक आमच्याच गल्लीत राहायची. ती समोरून आली की रस्ता ओलांडायला लागली. मनाला लागलं, नाही असं नाही.

पण तिसऱ्याच रविवारी मी आणखी एक गोष्ट ऐकली होती. विलासशेठ उभे राहिले आणि दोनशे माणसांसमोर म्हणाले, "माझा बारा वर्षांचा दमा सरांच्या कृपेनं गेला." टाळ्या झाल्या. वैशाली आणि तिची आई पहिल्या रांगेत होत्या. आणि मला माहीत होतं की काउंटरच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, बिलबुकाच्या मागे, शेठचा दम्याचा पंप असतो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते पाठ फिरवून दोन झुरके घेत. मी काही बोलले नाही. मालकाचं दुकान, माझी नोकरी. आपलेच दात आणि आपलेच ओठ. अळीमिळी गुपचिळी.

तर त्या दिवशी भिंग खाली ठेवून मी आप्पांना विचारलं, "वैशालीची तब्येत कशी आहे? खरं सांगा."

आप्पा पिशवीचा बंद पिळत राहिले. "मला त्यातलं काय सांगत्यात बाई? मी वर्गाला जात न्हाई, म्हून मला आता ओट्यावर जेवाय वाढत्यात. माझ्या हातचं पानी पोरगी घेत न्हाई. पर परवापस्नं उलट्या करती. लई पानी पिती. तिची आई म्हनती, मळ निघतोय."

मी फोन उचलून डॉक्टरांना लावला. बूच, उलट्या, पाणी, सगळं सांगितलं. त्यांनी लगेच सांगितलं,

"मॅडम, एसटीची वाट बघू नका. गाडी करा, आत्ता आणा तिला. तुम्ही स्वतः जा. बाप एकटा गेला तर ते तिला सोडणार नाहीत. आणि तिथे काही टोचू नका, तिला सलाईन आणि सगळंच लागणार आहे."

विलासशेठ आतून ऐकत होते. बाहेर आले.

"मॅडम, दुकान टाकून कुठे निघालात?"

"तिसगावला. वैशाली सुई घेत नाहीये. मरेल ती."

"कुणी सांगितलं घेत नाही? तिची साखर निम्म्यावर आली. डॉक्टरांनीच डोस कमी केला ना? निम्मं गेलं ते सरांमुळे. उरलंय ते त्यांच्या शंकेमुळे."

हे वाक्य मी सभेतही ऐकलं होतं. बरं झालं तर सरांचं, बिघडलं तर तुमचं. ज्या दुकानात माल नेहमी चांगला आणि खोट फक्त गिऱ्हाइकाचीच निघते, तिथून माणसानं निघावं. पण आम्ही दुकानात काम करणारी माणसं, तरी आम्हाला ते कळलं नव्हतं.

"मी जातेय, शेठ."

"थांबा. मी विचारून सांगतो."

त्यांनी फोनचा डायल फिरवला. पन्नाशीचा माणूस, स्वतःचं दुकान, नगरपालिकेशी भांडलेला, आणि नोकर बाईला जाऊ द्यावं का हे विचारायला फोन करत होता. लाइन बिझी होती. त्यांनी पुन्हा फिरवला. मला राग यायच्या ऐवजी भीती वाटली. हे 'विचारून सांगतो' मी गेले काही महिने सारखं ऐकत होते. लग्नाला जायचं का, पोरीला परीक्षेला बसवायचं का, भावाच्या दहाव्याला जायचं का, सगळ्याला एकच उत्तर. मला ती नम्रता वाटायची.

मी भिंतीवरचं सर्टिफिकेट खिळ्यावरून काढलं आणि काउंटरवर पालथं ठेवलं. "फार्मासिस्ट हजर नाही. शटर ओढा," म्हटलं आणि आप्पांना घेऊन निघाले.

स्टँडजवळ जीप मिळाली. करंजीचा घाट उतरेपर्यंत आप्पा एकदाच बोलले. "मला वाटायचं, पोरगी देवाधर्माला लागली, वाईट काय त्यात? घरात भांडन नको म्हून गप ऱ्हायलो."

"मीही गप्प राहिले, आप्पा."

त्यांना वाटलं मी समजूत काढतेय.

घर गावाबाहेर, शेतात होतं. ओट्यावर आप्पांचं ताट आणि तांब्या वेगळे ठेवलेले. आत सरांचा फोटो, त्याच्यासमोर सतरंजीवर वैशाली. मी ओळखलंच नाही तिला. गालफडं बसलेली, ओठ सुकलेले. श्वास खोल आणि जोरात, लांबून धावत आल्यासारखा. वाकले तर तोंडाला पिकून उतरलेल्या पेरूचा वास. हा वास आला की घड्याळ बघायचं असतं, हातात थोडेच तास उरतात, एवढं मला डॉक्टरांनी शिकवलं होतं.

"वैशाली, ओळखलंस का?"

डोळे किलकिले झाले. "ताई... बाटली दिली ना?"

तिची आई दारात आडवी उभी राहिली. हळदकुंकू लावून औक्षण करणारी, मला दर खेपेला शेंगा पाठवणारी साधी बाई. "बाई, तुमी बाहेरच्या. तुमाला न्हाई कळायचं. शंका घिऊन तिच्याजवळ बसू नका, तिला तरास हुतो."

"तिला आत्ता दवाखान्यात न्यायचंय. गाडी उभी आहे."

"इचारून सांगते."

"कुणाला?"

"सरास्नी. पाच वाजता त्यांचा फोन लागतो. बूथवर जाऊन इचारते."

तेव्हा दोन वाजले होते. पोटची पोर समोर धाप टाकत होती आणि आई पाच वाजायची वाट बघायला तयार होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दुष्ट असती तर मला सोपं गेलं असतं. मी डॉक्टरांचं नाव घेतलं, हनिमून समजावला, बुचावरची भोकं दाखवली. भिंतीशी बोलत होते.

आप्पा इतका वेळ उंबऱ्याबाहेर होते. ते चपला घालूनच आत आले. वाकले, पोरीला दोन्ही हातांवर उचललं.

"इचार तू," ते बायकोला म्हणाले. "मी चाललो."

जीप सुरू झाली तशी ती अनवाणी धावत आली आणि मागच्या बाजूला चढली. नगर येईपर्यंत पोरीचे पाय मांडीवर घेऊन चोळत राहिली.

दोन दिवस वैशालीचं काही खरं नव्हतं. डॉक्टर दर तासाला साखर तपासत होते. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि पातळ भात खाल्ला. मी डबा घेऊन गेले होते. तिनंच विषय काढला.

"ताई, तुमच्यावर राग नव्हता. रिकामी बाटली नेली न्हाई तर तुम्ही नवी देणार नाही, मग आप्पांना कळेल. म्हणून मोरीत ओतली. आधी एक सुई सोडली, मग दोन्ही. सर म्हणाले, बाहेरच्यांना सांगू नको, त्यांची शंका तुला लागेल."

"आणि तुला काही शंका आली नाही?"

"आली. दुसऱ्या आठवड्यातच आली." ती चादरीकडे बघत राहिली. "पण सगळ्यांना बरं वाटत होतं. मला एकटीलाच बरं वाटत नव्हतं. मला वाटलं, माझंच मन घाण आहे."

सोळा वर्षांची पोर. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आई कोपऱ्यात बसली होती. डॉक्टरांनी तिला तीनदा समजावलं होतं. ती मान हलवायची आणि खाली बघायची. पोरगी वाचली ते सरांनी लांबून लक्ष ठेवलं म्हणून, असं तिनं सकाळीच नर्सला सांगितलं होतं. घरी गेल्यावर काय होणार ते मला दिसत होतं.

तेवढ्यात विलासशेठ आले. हातात दोन शहाळी. दाराशीच थांबले, कारण जिना चढून धाप लागली होती. छातीतून शिट्टी वाजत होती. वैशालीनं त्यांच्याकडे पाहिलं.

"काका, तुमचा दमा गेला ना? मग माझं का न्हाई गेलं?"

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी शेठकडे बघितलं आणि पहिल्यांदा मालक म्हणून नाही बघितलं. "ड्रॉवर मला माहीत आहे, शेठ," मी म्हटलं. "मी सांगू का तुम्ही सांगता?"

शेठनी शहाळी खाली ठेवली. मग खिशात हात घालून पंप काढला आणि सगळ्यांसमोर दोन झुरके घेतले. शिट्टी हळूहळू थांबली. पंप त्यांनी वैशालीच्या पायाशी, चादरीवर ठेवला.

"रोज घेतो, पोरी. एक दिवसही सोडला नाही."

वैशालीची आई उठून पुढे आली. तिनं तो पंप हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"मंग तुमी त्या दिशी उभं ऱ्हाऊन सांगितलं ते?"

"सर म्हणाले, आधी बोला, मग होईल."

"आमी तुमच्याकडं बघून केलं वो," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "सरांकडं बघून न्हाई. तुमी औषधाच्या दुकानात बसता. तुमाला ठाऊक असंल, म्हून केलं."

शेठ खाली बघत उभे राहिले. मीही. औषधाच्या दुकानात मीसुद्धा बसत होते.

पुढचं थोडक्यात. वर्ग बंद पडला नाही. विलासशेठ पुढच्या रविवारी गेले नाहीत आणि त्यांच्या सख्ख्या मेव्हण्यानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. दुकानात लावलेला सरांचा फोटो त्यांनी स्वतः उतरवला आणि त्या खिळ्यावर माझं सर्टिफिकेट लावलं, कारण तो खिळा जरा मोठा होता. पंप ड्रॉवरच्या मागून काउंटरवर आला. मी नोकरी सोडली नाही. सोडायला हवी होती असं कधी कधी वाटतं.

वैशाली बरी झाली, पुढे बारावीही पास झाली. दवाखान्यातून सुटल्यावर अडीच-तीन महिन्यांनी एकदा आप्पांऐवजी तिची आई आली, वैशालीला घेऊन. उन्हातून आल्या होत्या. मी म्हटलं, "चहा घेणार ना?"

"इचारून सांग..." म्हणता म्हणता ती थांबली. इकडेतिकडे बघितलं. विचारायला तिथे कुणी नव्हतं. मग स्वतःशीच मान हलवून म्हणाली, "घेते. घेते मी."

वैशालीनं बाटली काउंटरवर ठेवली, आडवी, बूच माझ्याकडे करून. "मोजा ताई."

मी मोजली नाही. आधी तिला विचारलं, कशी आहेस, झोप लागते का, घरी बोलतेस का कुणाशी. तिनं बरंच काही सांगितलं. आप्पा आता आत जेवतात हेही सांगितलं.

त्या दोघी गेल्यावर मात्र भिंग काढलं आणि मोजली. बूच पार चाळणी झालं होतं. माणसावर विश्वास ठेवावा आणि बूचही बघावं. आणि जिथे बूच बघितल्याचा कुणाला राग येतो, तिथलं औषध घेऊ नये.